गप बसण्याचा अर्ज

देवाने माझा अर्ज पहिल्या खेपेला नामंजूर केला. उजव्या खांद्यावरची कळी जागची हलली नाही आणि डावीकडची टपकन खाली पडली. गुरवबाबांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "डावा पडला, बाई. न्हाई म्हनतोय."

मी भोरच्या सरकारी कचेरीत एकतीस वर्षं कारकुनी केलेली बाई. लोकांचे अर्ज परत पाठवण्यात माझी हयात गेली. "मजकूर नीट नाही, पुन्हा लिहून आणा" हे वाक्य मी झोपेतसुद्धा बोलते, असं आमचे हे सांगतात. आता माझाच अर्ज परत आला होता, आणि तोही अशा ठिकाणाहून, जिथं वर अपील करायची सोय नाही. मला रागच आला. देवावर रागवायचं नसतं हे कळत होतं, पण राग काय विचारून येतो थोडाच.

ते देऊळ वेल्ह्याच्या पलीकडे, पासलीच्याही पुढे एका वाडीच्या डोक्यावर आहे. महादेवाचं, काळ्या दगडाचं. किती जुनं, हे कुणालाच नक्की माहीत नाही. वाडीतले लोक "गडाच्या आदीचं" एवढंच सांगतात आणि समोरच्या तोरण्याकडे हात करतात. पुढे सभामंडप, दोन्ही अंगांना दगडी ओवऱ्या, मागे एका गोसाव्याची समाधी. समाधीला लागून खडकात खोदलेली एवढीशी खोली आहे, वाकून आत शिरावं लागतं. गोसावी तिथं ध्यानाला बसायचा म्हणे. बसायच्या जागी दगड खोलगट झाला आहे. मी पहिल्यांदा त्या खळग्यात बसले तेव्हा हरखूनच गेले होते. शिबिर भरवायचं तर इथंच, हे त्या क्षणी ठरलं.

पण वाडीचा कारभार बघतो तो महादेव नव्हे, शेजारच्या कोनाड्यातला भैरवनाथ. लग्न ठरवायचं असो की विहीर खणायची असो, त्याला विचारल्याशिवाय पान हलत नाही. गुरवबाबा अंघोळ करून ओलेत्याने येतात, देवाच्या दोन्ही खांद्यांवर पाण्याने एकेक कळी चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात आणि समोर बसून राहतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. याला कौल म्हणतात. माझा कौल डावा आला होता.

आता मला हे शिबिर एवढं का हवं होतं, ते सांगते. भोरला मी एकोणीस वर्षं योगासनांचा वर्ग घेते. आधी कचेरीच्या आधी सकाळी घ्यायचे, निवृत्त झाल्यावर दोन्ही वेळा. माझ्या वर्गातल्या कितीतरी बायकांचे गुडघे सुधारले, रक्तदाब उतरले. शेवटची दहा मिनिटं मी सगळ्यांना ध्यानाला बसवते. डोळे मिटायला सांगते, हळू आवाजात सूचना देते, आणि बायका उठतात तेव्हा त्यांचे चेहरे कसे धुतल्यासारखे दिसतात. हे सगळं खरं आहे. आणि हेही खरं आहे की मला स्वतःला ध्यान कधी लागलं नाही. एकदाही नाही. डोळे मिटले की माझ्या आत बाजार भरतो. एकोणीस वर्षं मी लोकांना ज्या गावाचा रस्ता दाखवत होते, त्या गावाला मी गेलेच नव्हते. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. वाटायचं, एखाद्या जुन्या जागी, चार माणसांत, दोन-तीन दिवस सलग बसायला मिळालं तर मला जमेल. वय एकोणसाठ झालं होतं. आता नाही तर कधी?

म्हणून मी पायरीवर ठाण मांडलं आणि गुरवबाबांना विचारलं, "देवाला नेमकं काय विचारलंत?"

"तुमी सांगितलं तेच. योगाचं निवासी शिबिर भरवायचं हाय, भरवू का."

"देवाला शिबिर म्हणजे काय ते कळलं असेल का?"

बाबांनी जरा विचार केला. "मला बी न्हाई कळलं," ते म्हणाले.

मग नियम विचारून घेतला. तोच सवाल दोनदा घालायचा नाही, पण सवाल निराळा असला तर त्याच दिवशी घालता येतो. झालं, माझ्यातली कारकून जागी झाली. पर्समधून एक जुना कागद काढला, मांडीवर ठेवून मसुदा लिहायला बसले. पहिल्यात "सर्वांगीण आरोग्य" आलं, ते खोडलं. दुसऱ्यात "अंतर्मुखता" आली, तीही खोडली. ज्याच्याकडे अर्ज करायचा त्याला एका वाचनात कळला पाहिजे, हे मी नवीन पोरांना शिकवत आले होते. शेवटी लिहिलं: नऊ माणसं येतील, तीन दिवस देवापुढं गप बसतील आणि जातील. चालेल का?

बाबांनी पुन्हा अंघोळ केली, पुन्हा कळ्या लावल्या. मी खांबाला टेकून बसले. माझं काळीज बोर्डाच्या निकालालाही असं धडधडलं नव्हतं. वीसेक मिनिटं काहीच होईना. मध्येच डावी कळी जराशी घसरली. ती तिथंच थांबली. आणि मग उजवी सुटली, सरळ देवाच्या पायाशी.

"उजवा," बाबा म्हणाले.

मी उभ्या जागी नाचायचीच बाकी होते. परतताना वेल्ह्याच्या एसटी थांब्यावर शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला मी सगळी हकिकत सांगितली, आणि तिची गाडी आधी आली म्हणून ती सुटली.

वाडीने सांगितलं, भाताची झोडणी उरकली की या. तोवरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. आठ माणसं जमवली. तीन माझ्या वर्गातल्या, बाकीची पुण्याची. त्यांत एक निवृत्त इंजिनियर होते, जे प्रत्येक गोष्टीला तीनदा फोन करायचे. मी वेळापत्रक छापलं. पहाटे आसनं, सात ते आठ मौन, मग व्याख्यान, प्रश्नोत्तरं, दुपारी पुन्हा व्याख्यान. व्याख्यानांची एकवीस पानं लिहून काढली. आमचे हे मोजकं बोलणारे गृहस्थ. ती पानं चाळून म्हणाले, "तीन दिवस तू बोलणार आणि लोक घरदार सोडून ऐकायला येणार. चांगलं आहे." मी त्यांना म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं, आणि एकवीसची तेवीस केली.

मार्गशीर्षातल्या एका शुक्रवारी नसरापूरच्या पुढच्या फाट्यावर आम्ही नऊजण टेम्पोत बसलो. भात कापलेली खाचरं, उन्हात वाळत घातलेला पेंढा, आणि दर वळणावर जवळ येणारा तोरणा. मी अखंड बोलत होते. हे बघा, ते बघा, इथून वर वाट जाते. पासली मागे पडली तेव्हा माझा घसा बसत आला होता.

वाडीने ओवऱ्या शेणाने सारवून ठेवल्या होत्या. गाद्यांखाली घालायला नवा पेंढा अंथरला होता, त्याचा गोडसर वास सगळीकडे भरला होता. स्वयंपाक गुरवबाबांच्या बायकोकडे, म्हणजे गुरवीणबाईंकडे होता. त्या सत्तरीच्या आसपासच्या, बारीक अंगाच्या, डाव्या हाताचं मनगट जरा वाकडं. वाडीतली तीसचाळीस माणसं आम्हाला बघायला जमली होती. मला भरून आलं. छोटंसं भाषण करावं म्हणून मी पुढे झाले, तेवढ्यात गुरवबाबा घंटेखाली जाऊन उभे राहिले.

"काय बोलायचं ती आत्ताच बोलून घ्या," ते आम्हाला म्हणाले. "घंटा झाली की तोंड बंद. रविवारी दुपारी परत घंटा वाजवंन, तवर."

मी हसले. म्हटलं, "तसं नाही बाबा, मौन फक्त सकाळी एक तास आहे. बाकी वेळ व्याख्यानं आहेत."

"आपण देवाला काय सांगितलं?" बाबांनी शांतपणे विचारलं. "नऊ मानसं तीन दिस गप बसत्याल. त्यानं त्येला व्हय म्हटलंय. बोलायचं इचारलंच न्हाई, तर त्यो व्हय कसं म्हनंल?"

एकतीस वर्षं मी खिडकीतून लोकांना हेच सांगत आले होते: अर्जात लिहिलंय तेवढंच मंजूर, बाकीचं धरून चालायचं नाही. आणि मजकूर तर माझाच होता.

"आणि कुणी बोललंच तर?" इंजिनियरसाहेबांनी विचारलं.

"तर शबूद मोडला. मग तुमच्या बाईंचं गाऱ्हानं म्या पुन्यांदा देवापुढं घालनार न्हाई. आल्या वाटनं जायचं."

त्यांच्या आवाजात दमदाटी नव्हती. पाऊसपाण्याचं सांगावं तसं त्यांनी सांगितलं, म्हणून जास्त लागलं. साहेबांनी विचारलं, लिहून दाखवलं तर? बाबा म्हणाले, लिवनं म्हंजी बोलनंच की. मोबाईल? त्यो तर लईच बोलतो. एक दुरडी आली आणि नऊ मोबाईल तिच्यात गेले.

मी आठजणांकडे बघितलं. मला वाटलं, आता कटकट होणार. पण गंमत म्हणजे त्यांचे चेहरे खुलले होते. साहेब तर चक्क हात चोळत होते. त्या सगळ्या घोळक्यात धसका घेतलेली मी एकटीच. माझ्या पिशवीत तेवीस पानं होती आणि माझी जीभ ही माझी सगळी इस्टेट होती. तीन दिवसांत एक शब्द चुकून निसटला, तर हे देऊळ, तो खळगा, सगळं कायमचं गेलं. बाबांनी घंटा वाजवली.

पहिली संध्याकाळ मी कशीबशी ढकलली. दर दोन मिनिटांनी एक वाक्य घशापर्यंत यायचं. पेंढा नीट सारखा करा. पाणी गरम आहे का? तो बघा ससाणा. मी पदराचं टोक दातांत धरून बसायची युक्ती काढली.

शनिवारी पहाटे सभामंडपात आसनांना उभे राहिलो. थंडी अशी की दगडावर पाय टेकवत नव्हता. आठजण माझ्याकडे बघत उभे. मी सवयीने तोंड उघडलं, मिटलं, आणि नुसते हात वर केले. त्यांनीही केले. मी श्वास घेतला. आणि तिथं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "श्वास घ्या" असं म्हणताना माणूस श्वास सोडत असतो! बोलायचं म्हणजे हवा बाहेरच टाकावी लागते. एकोणीस वर्षं माझ्या समोरच्या बायका श्वास घेत होत्या आणि मी त्याच वेळी सोडत होते. सगळा वर्ग एकीकडे आणि मास्तरीण दुसरीकडे. मला इतकं हसू आलं आणि इतका आनंद झाला, की कुणाला तरी धरून सांगावंसं वाटलं. सांगता येईना. मग मी नुसताच श्वास घेतला, पोटभर, आणि आठजणांच्या बरोबरीने सोडला. ते माझ्या हातांकडे, पायांकडे असं निरखून बघत होते की पाय वाकडा टाकायची माझी छातीच होईना. माझं वीरभद्रासन इतकं नीट त्याआधी कधी झालं नव्हतं.

ध्यानाचं मात्र पहिले पाढे पंचावन्न. गोसाव्याच्या खोलीत मी तासभर बसले. जावेने दिवाळीत टाकलेला टोमणा आठवला, त्याला मी तीन उत्तरं तयार केली आणि तिन्ही चांगली होती.

दुपारी वाडीतल्या बायका आल्या. आम्ही ओवरीत बसलो होतो आणि त्या पायऱ्यांवर. आम्ही बोलत नाही म्हणजे आम्हाला ऐकूही येत नसावं, असं त्यांनी धरून चाललं होतं.

"ही हिरव्या साडीची मास्तरीन व्हय?" एकीने विचारलं.

"तीच. बघ की, स्वतः केवडी जाड हाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. थायरॉईड आहे मला, हे निदान सांगायला तरी हवं होतं. पदर दातांत आणखी घट्ट धरला. त्या बराच वेळ आमचं मोजमाप घेत राहिल्या आणि मग कंटाळून एकजण सरळ माझ्यासमोर येऊन बसली. तिने लुगडं वर करून गुडघा दाखवला आणि दुखण्याची कहाणी सुरू केली. मी तिला पाय सरळ करून मांडीचा स्नायू कसा आवळायचा ते करून दाखवलं. तिने केलं. मग ती उठेल असं वाटलं, पण ती बसूनच राहिली, आणि एकदम म्हणाली, "गुडग्याचं न्हाई एवडं. सून बोलत न्हाई माज्याशी."

हे मला नवीन होतं. माझ्याशी बोलणारं माणूस वाक्य संपवायच्या आत मी ते पुरं करते, वर सल्ला देते. म्हणून मला माहीतच नव्हतं की लोकांचं बोलणं संपल्यावर आपण गप राहिलो, तर खरं बोलणं मागून येतं. ती गेली, दुसरी आली. एकमेकींना त्या सांगत होत्या, "ह्या बाईच्या पोटात ऱ्हातंय. सांगा बिनघोर." संध्याकाळपर्यंत मी सहाजणींचं ऐकलं. कुणाची म्हैस, कुणाचा नवरा, कुणाचं भाऊबंदकीतलं खाचर. मी मान हलवायचे, हात धरायचे, आणि कितीतरी वेळा मला आतून उकळी फुटायची, की अगं बाई, असं कर ना. पण त्या न सांगताच आपलं आपण काहीतरी ठरवून उठत होत्या. त्या दिवशी मी जितक्या उत्साहात झोपले तितक्या लहानपणी जत्रेच्या आदल्या दिवशीही झोपले नसेन.

या सगळ्यात गुरवीणबाई माझ्याजवळ आल्या नाहीत. त्या भाकऱ्या थापायच्या, मला न विचारता गवती चहाचा दुसरा कप द्यायच्या आणि चुलीकडे परत जायच्या.

रविवारी सकाळी मात्र त्यांनी तांदळाचं सूप माझ्यापुढे ठेवलं, एक स्वतःपुढे घेतलं आणि आम्ही दोघी निवडायला बसलो. दुपारच्या जेवणाचा तांदूळ होता, नव्या भाताचा. गुरवबाबा दहा पावलांवर समाधीपाशी झाडत होते. घंटेला तीनचार तास उरले होते. मला वाटत होतं, जिंकलेच मी आता.

"मला एक लेक हाय," गुरवीणबाई सुपात बघत म्हणाल्या. "वरव्याला असती. तिकडं कंपनीत डबं भरायचं काम करती. दोन दिवाळ्या झाल्या, आली न्हाई. माजा फोन उचलत न्हाई."

मी खडे वेचत राहिले.

त्यांनी सांगितलं ते असं. लेक हुशार होती. वाडीतली शाळा सातवीपर्यंत. पुढे वेल्ह्याला पाठवा, वसतिगृहात सोय होते, असं सांगायला गुरुजी स्वतः घरी आले होते. पोरीची पेटी भरून झाली होती. त्याच आठवड्यात गुरवीणबाई बांधावरून घसरल्या आणि त्यांचा डावा हात मोडला. लावणीचे दिवस. त्या पोरीला म्हणाल्या, ह्या साली ऱ्हा, पुढल्या साली जा. पोरगी राहिली. पुढल्या साली म्हैस व्याली, त्याच्या पुढल्या साली पाहुणे बघायला आले. दोन दिवाळ्यांमागे लेक माहेरी आली असताना तिच्या मुलीच्या शाळेचा विषय निघाला आणि ती आईला बोलली, तू माझी शाळा बुडवलीस.

"म्या म्हटलं, तुजं नशीब त्ये. ती उठली, पोरीला घेतलं, आन गेली."

त्यांनी सूप खाली ठेवलं. माझ्याकडे सरळ बघितलं. या तीन दिवसांत त्यांनी तसं बघितलं नव्हतं.

"तुमी शिकल्याल्या. तुमीच सांगा, बाई. म्या चुकले का?"

दुसऱ्या कुणी असं काही विचारलं नव्हतं. बाकीच्या सांगून उठल्या होत्या. या उत्तराला थांबल्या होत्या. माझ्या जिभेवर एकदम दोन उत्तरं आली. एक, होय, चुकलात, आणि वर नशिबावर ढकललंत. दुसरं, नाही हो, त्या काळी सगळेच असं करायचे, मनाला लावून घेऊ नका. दोन्ही मी अगदी खात्रीने देऊ शकले असते. भोरला असते तर एक दिलं असतं, पटलं नाही तर दुसरं दिलं असतं.

मला शहाणपण सुचलं म्हणून मी गप बसले, असं कुणी समजू नये. मी भिऊन गप बसले. दहा पावलांवर गुरवबाबांचा खराटा चालू होता आणि मला हे देऊळ हवं होतं. समोर एक म्हातारी बाई एका शब्दासाठी थांबलीय आणि आपण आपल्या शिबिरासाठी तोंड मिटून बसलोय, याची मला इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं. बोलून टाकावं, गेलं देऊळ तर गेलं, असं मी ठरवलंसुद्धा. तोंड उघडलं. पण कुठलं उत्तर द्यायचं तेच कळेना. दोन्हींतलं एकही त्यांचं नव्हतं. दोन्ही माझीच होती.

मी त्यांचं वाकडं मनगट हातात धरलं. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. खराटा थांबला, पुन्हा सुरू झाला.

"व्हय," शेवटी त्याच म्हणाल्या. "चुकलेच म्या."

आणि मग स्वतःच्याच हातांकडे बघत, "एकच हात मोडला हुता. दुसरा हुता की."

मग त्यांनी सूप उचललं आणि आम्ही तांदूळ निवडत राहिलो. पुढचं मला नीट सांगता येत नाही. खडा दिसला की उचलायचा, एवढंच चाललं होतं. त्यांचा श्वास ऐकू येत होता, माझा ऐकू येत होता. जावेचा टोमणा नव्हता, तेवीस पानं नव्हती, पुढच्या वर्षाचं काही नव्हतं. घंटा वाजली तेव्हा मी दचकले. मला वाटलं, बाबांनी चुकून लवकर वाजवली. बघते तर सुपं केव्हाच रिकामी होती, चुलीवर भात शिजून झाला होता आणि ऊन ओवरीच्या पायऱ्या सोडून गेलं होतं. गुरवीणबाई कधी उठून गेल्या तेही मला कळलं नव्हतं.

सभामंडपात आठजणांनी एकच गिल्ला केला. साहेब गुरवबाबांना एका श्वासात चार प्रश्न विचारत होते. बाबा माझ्यापाशी आले. "शबूद पाळलात, बाई. मला वाटलं न्हवतं," ते म्हणाले. "पुढल्या साली या. देवाला सांगून ठिवतो." तीन महिने ज्याच्यासाठी जीव टाकला होता ते पदरात पडलं होतं. मी उजळून गेले असणार, कारण ते हसले. मी नुसता नमस्कार केला.

तेवढ्यात गुरवीणबाईंनी माझा दंड धरला. त्यांनी दुरडीतून माझाच मोबाईल उचलून आणला होता. "चला," त्या म्हणाल्या. देवळाच्या मागे, खळ्याच्या वरच्या बांधावर एका धोंड्यापाशी तेवढी रेंज मिळते. आम्ही दोघी चढून गेलो. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण लेकीच्या नंबरचे दहाच्या दहा आकडे तोंडपाठ होते. त्या सांगत गेल्या, मी दाबत गेले. त्यांना फोन कानाला नीट धरता येईना म्हणून मी स्पीकर सुरू केला आणि बाजूला व्हायला निघाले, तर त्यांनी माझा हात सोडला नाही.

"काय बोलू म्या?" त्यांनी विचारलं.

आता मला बोलायची मुभा होती. मी काहीतरी बोलायला गेले, तर त्यांनीच मान हलवली. "ऱ्हाऊ द्या. तुमच्यावानीच करते."

चारदा रिंग गेली. "कोन?" पलीकडून एका बाईचा आवाज आला. मागे कुकरची शिट्टी होत होती.

"म्या हाय," गुरवीणबाई म्हणाल्या. "म्या चुकले, पोरी. नशीब न्हवतं त्ये. म्या हुते."

आणि त्या गप झाल्या. पलीकडेही आवाज नव्हता. मला वाटलं, फोन ठेवला. मग लेक बोलायला लागली. सुरुवातीला तुटक, मग भडाभडा. भरलेली पेटी तिने तीन वर्षं रिकामी केली नव्हती. पुस्तकांना कव्हरं घातली होती. तिच्याबरोबरची एक आज नर्स आहे. लग्न ठरवताना आईने तिला एकदाही विचारलं नाही. गेल्या वर्षी मुलीचं नाव मोठ्या शाळेत घालताना फॉर्मवर आईचं, म्हणजे स्वतःचं, शिक्षण लिहायची वेळ आली आणि तिने ते गिचमिड लिहिलं, कुणाला वाचता येऊ नये असं. ती रडत होती, ओरडत होती, आईला काय वाटेल ते बोलत होती. गुरवीणबाईंचे ओठ दोनदा हलले. मी बघत होते. दोन्ही वेळा त्यांनी ते मिटले. गाल ओले झाले होते, ते पुसायलाही त्यांनी माझा हात सोडला नाही.

खूप वेळाने पलीकडचा आवाज दमला. कुकर बंद झाला होता. मग लेकीने, घाबरल्यासारखं, अगदी लहान आवाजात विचारलं, "आये? हायस का?"

"हाय," गुरवीणबाई म्हणाल्या. "बोल तू."